कळा सुरू झाल्यावर पाणी किती द्यायचं? रक्तातलं सोडियम आणि गर्भाशयाची ताकद

माझी भाची पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, यावल तालुक्यात, ऐन मे महिन्यात. पहाटे कळा सुरू झाल्या आणि दुपारी पारा ४४ अंशांवर गेला. दवाखान्यात आम्ही तिघी सोबतीला होतो: तिची आई, मी मावशी आणि चुलत आजी. आजीचा एकच धोशा, "पोरले पानी दे व माय, जीव सुकी ऱ्हायना तिना." मग आई पेला धरायची, आई बाहेर गेली की मी. संध्याकाळी मी तिला लघवीला नेलं. लघवी अगदी थोडी आणि गडद पिवळी झाली. मी प्रसूतिकक्षात कित्येक वर्षं परिचारिका म्हणून काम केलेली बाई, तरी मला वाटलं, पाणी कमी पडतंय. मी आणखी दोन पेले पाजले.

रात्री कळा विरळ झाल्या. डोकं दुखायला लागलं, उलट्या झाल्या, आणि ती विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर द्यायला लागली. डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून किती प्यायली?" आम्हा तिघींपैकी एकीलाही सांगता आलं नाही. रक्त तपासलं तर सोडियम १२४ होतं. पुढे वेळेवर उपचार झाले, मूल चिमट्याने घ्यावं लागलं, पण दोघं सुखरूप घरी आली. त्या रात्री जे मला कळायला हवं होतं आणि कळलं नाही, ते सगळं इथे क्रमाने मांडते. बाळंतिणीच्या उशाशी बसणाऱ्या आई, सासू, बहीण, नवरा आणि आशाताईंसाठी हे लिहिलं आहे.

आधी पाण्याचा आणि मिठाचा हिशोब

निरोगी माणसाच्या रक्तात सोडियम दर लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल असतं. गरोदरपणात शरीर पाणी जास्त धरतं, त्यामुळे हा आकडा ४-५ ने खाली येतो आणि १३० ते १४० च्या दरम्यान राहतो. म्हणून गरोदर बाईच्या रिपोर्टवर १३३ दिसलं की घाबरून जाऊ नका. १३० च्या खाली गेलं की मात्र त्याकडे लक्ष द्यायलाच हवं, आणि १२५ च्या खाली ती तातडीची बाब आहे.

हे सोडियम कमी होतं म्हणजे अंगातलं मीठ संपतं असं बहुतेकांना वाटतं. बाळंतपणात बहुतेक वेळा तसं नसतं. मीठ तेवढंच राहतं, पाणी वाढतं. वरणात दोन तांबे पाणी ओतलं तर मीठ पळून गेलेलं नसतं, तरी वरण अळणी लागतं, तसंच हे. ढोबळ गणित करून बघा. दिवस भरलेल्या बाईच्या अंगात सुमारे ३३ लिटर पाणी धरू आणि सोडियम १३६. त्यात दीड लिटर जादा पाणी साचलं तर आकडा १३० वर येतो. तीन लिटर साचलं तर १२५ च्याही खाली. आपल्या घरातल्या २०० मिलिच्या पेल्याने मोजलं तर दीड लिटर म्हणजे साडेसात पेले, बस.

एरवी एवढं पाणी प्यायलं तर मूत्रपिंडं ते तासा-दोन तासांत बाहेर टाकतात. कळांच्या वेळी हे घडत नाही, आणि खरी मेख इथेच आहे. वेदना, मळमळ आणि ताण यामुळे मेंदूतून पाणी धरून ठेवणारं संप्रेरक, व्हॅसोप्रेसिन, जास्त सुटतं. शिवाय कळा आणणारं ऑक्सिटोसिन हे त्याचंच सख्खं भावंड आहे. दोघांची साखळी नऊ-नऊ कड्यांची आणि फरक फक्त दोन कड्यांचा. त्यामुळे ऑक्सिटोसिनसुद्धा मूत्रपिंडाला थोडंफार तेच सांगतं: पाणी सोडू नकोस. मग लघवी थोडी आणि गडद होते, आत मात्र पाणी साचत जातं.

माझी चूक नेमकी हीच झाली. पिवळी लघवी पाहून मी पाणी वाढवलं. कळांच्या वेळी लघवीच्या रंगावरून पाणी कमी की जास्त हे ठरवता येत नाही. आत किती गेलं आणि बाहेर किती आलं, दोन्ही मोजावं लागतं.

गर्भाशय कसं आवळतं आणि सोडियमचा त्याच्याशी काय संबंध

गर्भाशय हा स्नायूच आहे. त्याच्या प्रत्येक पेशीच्या पडद्यावर आत-बाहेर विजेचा बारीकसा फरक असतो. तो फरक टिकतो बाहेर जास्त सोडियम आणि आत जास्त पोटॅशियम असल्यामुळे. हा फरक उलटला की कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशी आवळते. शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म वाटांनी ही लाट सगळ्या गर्भाशयभर पसरते, तीच कळ. कळ ओसरताना आत आलेलं कॅल्शियम बाहेर टाकावं लागतं. त्यातलं काही काम सोडियमच्या बदल्यात होतं. म्हणजे आवळणं आणि सैल पडणं या दोन्हींत सोडियमचा वाटा आहे, आणि बाहेरचं सोडियम पातळ झालं की ही घडी विस्कटू शकते.

स्वीडनमध्ये २८७ बाळंतिणींवर केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या अंगात प्रसूतीदरम्यान अडीच लिटरहून जास्त द्रव गेला, त्यांच्यातल्या २६ टक्के जणींचं सोडियम १३० किंवा त्याखाली आलं होतं. एकूण द्रवातला दोन तृतीयांश भाग सलाईनचा नव्हता, तोंडाने प्यायलेला होता. ज्यांचं सोडियम घटलं, त्यांच्यात बाळ बाहेर ढकलण्याचा टप्पा लांबणं, चिमटा किंवा व्हॅक्युम लागणं, प्रगती थांबली म्हणून सिझेरियन होणं हे जास्त दिसलं.

याचा अर्थ समजून घ्या. कळा लांबल्या की बाई जास्त पाणी पिते आणि जास्त प्यायली की सोडियम घटतं, म्हणजे दोन्हीकडून ओढाताण असते. अडलेल्या प्रत्येक बाळंतपणाचा दोष सोडियमवर टाकता येणार नाही. पण अडण्याच्या कारणांमधलं हे एक कारण फक्त मोजमाप ठेवून टाळता येतं, म्हणूनच ते हातचं घालवू नये असं मला मनापासून वाटतं.

नववा महिना: आधीच विचारून ठेवा

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. शेवटच्या तपासणीला डॉक्टरांना किंवा सिस्टरांना तीन गोष्टी विचारा. कळांच्या वेळी मला खायला-प्यायला चालेल का? इथे सोडियमची तपासणी होते का, नसेल तर नमुना कुठे पाठवता? आणि माझ्या बाबतीत पाण्याचं वेगळं काही पथ्य आहे का?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बीपी वाढलेलं असेल, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या भागात सिकलसेल म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार असलेल्या मुली बऱ्याच आहेत. त्यांचं नेमकं उलटं असतं. पाणी कमी पडलं तर रक्तपेशी अडकून भयंकर दुखणं उठतं. म्हणून हा लेख वाचून सिकलसेलच्या बाईचं पाणी कुणीही तोडू नका. तिचं कार्ड दाखल होतानाच दाखवा आणि तिच्या पाण्याचा हिशोब सिस्टरांसोबत ठरवा. मनावरचा, झोपेचा किंवा फिटचा काही औषधोपचार चालू असेल तर तोही सांगा, कारण त्यातल्या काही गोळ्या सोडियम उतरवतात.

आणखी एक. पायाला सूज आली की आपल्याकडे गरोदर बाईचं जेवण अळणी करतात. बीपीचा त्रास टाळायला गरोदरपणात मीठ तोडावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही. लोणची, पापड, बिबड्या बेताने खाव्यात हे खरं, पण भाजी-भाकरीतलं रोजचं मीठ डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका.

डोंगरातली गावं दवाखान्यापासून तासन्‌तास लांब आहेत. आदिवासी भागात काही प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ माहेरघराची सोय आहे, तारीख जवळ आली की तिथे आधीच राहायला जाता येतं. आशाताईंना विचारा.

कळा सुरू झाल्या, अजून घरीच आहात

पहिलटकरणीच्या सुरुवातीच्या कळा तासन्‌तास रेंगाळतात. या वेळात तिला हलकं जेवू द्या: मऊ खिचडी, पातळ वरण-भात, भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून. अन्नातून मीठही जातं आणि ताकदही. उपाशीपोटी नुसतं पाणी पाजणं हीच सुरुवातीची चूक असते.

पाणी तहानेप्रमाणे. तिने मागितलं तर द्या, न मागता ओठाला पेला लावू नका. "पी, ताकद येईल" हे वाक्य आम्ही त्या दिवशी किती वेळा म्हटलं असेल. पाण्यात ताकद नसते. ताकद अन्नात असते.

मग नुसत्या पाण्याऐवजी काय द्यायचं? मीठ घातलेलं ताक हे आपल्या घरातलं सगळ्यात सोपं पेय. पेलाभर ताकात चिमूटभर, साधारण पाव ते अर्धा ग्रॅम मीठ पुरे. भाताची पेज मीठ घालून, वरणाचं पाणी, मीठ-साखरेचं लिंबू सरबत हेही चालेल. चहा, नुसतं साखरेचं सरबत, उसाचा रस यांत सोडियम जवळजवळ नसतं, म्हणून हिशोबात ते पाणीच धरा. शहाळ्याचं पाणी चांगलं असतं असं सगळे म्हणतात, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, त्यामुळे तेही एखादंच.

ओआरएसची पुडी हाताशी असू द्या. २०.५ ग्रॅमची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते आणि त्या लिटरात ७५ मिलिमोल सोडियम असतं. पुडी पेलाभर पाण्यात घालू नका, ते फार घट्ट होतं. दोन लिटरमध्येही घालू नका. दुकानात लहान पुड्याही मिळतात, त्या एका पेल्याच्या असतात, म्हणून वरचा मजकूर वाचून घ्या. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख हवा. खोक्यातली गोड, फळांच्या चवीची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

पण ओआरएसचेही लिटरच्या लिटर पाजायचे नाहीत. त्यातलं सोडियम रक्तातल्या सोडियमपेक्षा निम्म्याच्या आसपास आहे. म्हणजे तेही रक्त पातळ करतंच, फक्त साध्या पाण्यापेक्षा सावकाश. आणि चमचाभर मीठ थेट तोंडात घालण्याचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका, उलटी होऊन असलेलं मीठही जाईल.

मे महिन्यात, लाइट गेलेली असताना, पत्र्याच्या घरात घाम गळत असतो. घामातून मीठ जातं, म्हणून उन्हाळ्यात ताक-पेजेचं महत्त्व दुप्पट. घसा सुकला तर गुळणी करायला द्या, ओठांना तूप लावा, ओल्या फडक्याने चेहरा-मान पुसा. निम्मी तहान तिथेच भागते. कळांमध्ये ती तोंडाने श्वास घेते म्हणून तोंड कोरडं पडतं, दर वेळी अंगात पाणी कमी झालेलं असतं असं नाही.

पेल्यांची वही

हे एवढं एक जरी केलंत तरी माझा लेख लिहिण्याचा हेतू साधला. शाळेची जुनी वही घ्या. एकच पेला ठरवा आणि तो किती मिलिचा आहे ते आधी पाण्याच्या बाटलीने मोजून घ्या. पानावर दोन रकाने: आत आणि बाहेर. प्रत्येक वेळी वेळ, काय प्यायली आणि किती, एवढंच लिहा. उलटी झाली तर अंदाजे किती, तेही. लघवी मोजायला जुना मग किंवा डबा वेगळा ठेवा.

वही एकाच माणसाकडे द्या. आम्ही तिघी होतो म्हणूनच हिशोब बुडाला. पेला कुणीही धरावा, पण वही धरणाऱ्याला सांगितल्याशिवाय नाही. नवऱ्याला आत येऊ देत असतील तर हे काम त्याला द्या, तो मन लावून करतो असा माझा अनुभव आहे. बाहेर बसावं लागत असेल तर आईने लिहावं. गाडीत प्यायलेलं पाणीही लिहायचं. धडगावहून शहाद्यामार्गे नंदुरबारला येईपर्यंत बाटली कधी संपते ते कळतही नाही.

आता आकडा. आत गेलेल्यातून बाहेर आलेलं वजा करा. फरक दीड लिटरवर पोहोचला की सिस्टरांना वही दाखवा आणि सोडियम तपासायची विनंती करा. उत्तर आयर्लंडच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत हीच मर्यादा दिली आहे. फरक काढायला जमत नसेल तर एकूण आत गेलेल्या द्रवावर नजर ठेवा, अडीच लिटर म्हणजे साडेबारा पेले. यात सलाईनही धरायचं. अर्ध्या लिटरची एक बाटली म्हणजे अडीच पेले.

दर दोन तासांनी लघवीला न्या, तिला इच्छा नसली तरी. भरलेलं मूत्राशय बाळाचं डोकं खाली यायला अडथळा करतं आणि कळाही मंदावतात.

सलाईन लावलं तर

"ताकदीची बाटली लावा" अशी मागणी नातेवाईकच करतात. मी नोकरीत रोज ऐकलंय. बाळंतपण लवकर उरकावं म्हणून सलाईन लावू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत स्पष्ट म्हटलं आहे. बाई तोंडाने पीत असेल आणि सगळं ठीक असेल तर बाटलीची गरजच नसते.

गरज असेल तेव्हा बाटलीत काय आहे याला महत्त्व आहे. नॉर्मल सलाईनमध्ये सोडियम लिटरला १५४, आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेटच्या बाटलीत सुमारे १३०, आणि ५ टक्के डेक्स्ट्रोज म्हणजे ज्याला आपण ग्लुकोजची बाटली म्हणतो, तिच्यात शून्य. ग्लुकोज शरीर वापरून टाकतं आणि मागे उरतं नुसतं पाणी. कळा वाढवायला ऑक्सिटोसिनचं ड्रिप लावलेलं असताना त्याच्या जोडीला ग्लुकोजच्या बाटल्या एकामागून एक चालल्या, तर सोडियम वेगाने कोसळू शकतं. म्हणून नम्रपणे विचारा, "सिस्टर, ही बाटली कशाची आहे? ड्रिप नॉर्मल सलाईनमध्ये आहे ना?" विचारण्यात गैर काही नाही. चांगल्या सिस्टरला असा प्रश्न विचारणारे नातेवाईक आवडतात. साखर उतरल्यामुळे ग्लुकोज दिलं असेल तर ते थांबवायला सांगू नका, फक्त वहीत लिहा.

आणि घरी किंवा वाटेत कुणी "कळा वाढवायचं इंजेक्शन" टोचत असेल तर हात धरा. प्रसूतीआधी ऑक्सिटोसिन फक्त दवाखान्यात, थेंब मोजून, बाळाचे ठोके ऐकत द्यायचं औषध आहे. दंडात एकदम टोचलं तर गर्भाशय फाटू शकतं, बाळाचा श्वास कोंडू शकतो. बाळ जन्मल्यावर लगेच रक्तस्राव टाळायला जे इंजेक्शन देतात ते वेगळ्या कारणासाठी असतं, ते जरूर घ्यावं.

कळा मंदावल्या

आधी घड्याळ बघा आणि धीर धरा. गर्भपिशवीचं तोंड ५ सेंटीमीटर उघडेपर्यंत कितीही वेळ लागू शकतो. त्यानंतर पहिलटकरणीला साधारण १२ तासांपर्यंत आणि आधी बाळंत झालेलीला १० तासांपर्यंतचा वेळ स्वाभाविक मानतात. ताशी एक सेंटीमीटर उघडलं नाही म्हणून बाळंतपण अडलं असं होत नाही.

मग साध्या गोष्टी: लघवीला नेणं, उताणं झोपली असेल तर कुशीवर वळवणं, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर खोलीत चालवणं, कंबर चोळणं, खोलीतली गर्दी कमी करणं. तरी कळा येत नसतील तर बाळाची स्थिती, त्याचं वजन, मार्गाची रुंदी हे डॉक्टर पाहतील. याच वेळी वही पुढे करा. ऑक्सिटोसिन सुरू करायच्या किंवा वाढवायच्या आधी सोडियमचा आकडा हातात असलेला बरा, कारण आधीच पातळ झालेल्या रक्तात ते औषध आणखी पाणी अडवतं. रक्त सलाईन लावलेल्या हातातून घेऊ नये, नमुन्यात बाटलीतला द्रव मिसळतो आणि रिपोर्ट चुकतो. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीच्या तपासण्या आणि औषधं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत, खर्चाच्या भीतीने मागे राहू नका.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

डोकेदुखी, मळमळ, उलटी, ग्लानी. अडचण अशी की ही सगळी कळांमध्ये एरवीही दिसतात. म्हणून वहीतल्या आकड्याशी जोडून बघा. भरपूर पाणी गेलंय आणि डोकं दुखतंय, तर सांगा. ती भलतंच बोलत असेल, माणसं ओळखत नसेल, उगाच चिडत असेल, झोपेतून उठत नसेल, तर लगेच हाक मारा. "अंगात आलं", "बाहेरचं झालं" असं म्हणून अंगारा लावण्यात गेलेली पंधरा मिनिटं परत मिळत नाहीत.

झटका आला तर पहिला संशय बीपीच्या झटक्याचाच धरतात, आणि ते बरोबरच आहे. पण बीपीबरोबर सोडियमही पाहिलं गेलं पाहिजे, कारण दोन्ही कारणं एकत्रही असू शकतात. तोवर तिला कुशीवर वळवा, तोंडात पाणी, कांदा, चमचा काहीही घालू नका. गावात असाल तर १०८ ला फोन करा.

दवाखान्यात पुढे काय होतं हे माहीत असलं की घाबरायला होत नाही. आकडा १३० च्या किंचित खाली आणि त्रास नसेल तर पाणी आवरतात, बाटली बदलतात किंवा थांबवतात आणि काही तासांनी रक्त पुन्हा तपासतात. तेव्हा चोरून पेला देऊ नका, माया करायची तर ओठ ओले करा. झटके किंवा बेशुद्धी असेल तर ३ टक्क्यांचं तीव्र सलाईन १०० ते १५० मिलि, नजरेखाली देतात. आकडा २४ तासांत ८ ते १० पेक्षा जास्त चढू देत नाहीत, कारण फार वेगाने चढला तर मेंदूला इजा होते. "लवकर नॉर्मल करा" असा आग्रह धरू नका.

बाळ झाल्यावर

सोडियम नाळेतून आरपार जातं. आईचं १२४ असेल तर जन्मताना बाळाचंही जवळपास तेवढंच असतं. म्हणून आईचा आकडा बालरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगा. बाळ सुस्त आहे, ओढून पीत नाही, हातपाय झटकतंय, असं दिसलं तर लगेच दाखवा. आईला भरपूर सलाईन मिळालं असेल तर बाळ जन्मताना पाण्याने थोडं जड असतं आणि पहिल्या दिवसात लघवीवाटे वजन जास्त उतरलेलं दिसतं. तेवढ्यावरून वरचं दूध सुरू करू नका, डॉक्टरांना दाखवा आणि अंगावर पाजत राहा.

बाळंतीण पुढच्या काही तासांत भरभरून लघवी करते. साचलेलं पाणी निघून जातं आणि आकडा आपसूक वर येतो. तरी एकदा तपासून घ्या. आणि मग आमच्याकडची दुसरी रीत सुरू होते: कालपर्यंत "पी पी" म्हणणाऱ्या बायका आजपासून बाळंतिणीचं पाणीच तोडतात, पोट सुटेल म्हणून. दूध पाजणाऱ्या बाईला तहान लागते, तिला तहानेप्रमाणे पाणी द्या, बाळंतविड्याबरोबर तांब्या तिच्या हाताशी ठेवा.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर सोडियमचा सगळ्यात खाली गेलेला आकडा लिहून मागा. भाचीच्या कार्डावर आम्ही तो लिहून घेतला आहे, तिच्या पेल्यांच्या वहीचं पहिलं पान त्याच पिशवीत ठेवलं आहे.